चालू इंजिनासमोर

मास्तर आणि भिंगरी हे साडू. थोरलीचे यजमान मास्तर, धाकटीचा नवरा भिंगरी. दोघंही एकाच विमानतळावर, एकाच रॅम्पवर कामाला. रॅम्प म्हणजे विमानं उभी करायची ती काँक्रीटची अफाट फरशी. मास्तर तिथल्या टोळीचे मुख्य होते. विमानाभोवती आखलेल्या लाल रेषेच्या आत कुणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत, शाळेत पट्टी घेऊन उभे राहावं तसे उभे राहायचे, म्हणून ते मास्तर. आणि हा जागेवर कधी ठरायचाच नाही, म्हणून भिंगरी.

धाकटीचं स्थळ मास्तरांनीच आणलं होतं. "आमच्याकडे एक मुलगा आहे, जरा घाईचा आहे, पण मनानं स्वच्छ," असं त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं. घाईचा आहे हे आधीच सांगून ठेवल्यामुळे पुढे कुणाला तक्रारीला जागा राहिली नाही.

लग्नानंतर काही वर्षं दोन्ही घरांचं छान चाललं होतं. मग एके दिवशी मास्तरांनी भिंगरीचं नाव वर कळवलं.

झालं होतं असं. विमान येऊन थांबलं तरी त्याच्या पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत असतो. इंजिनं बंद होईपर्यंत तो विझत नाही, आणि तो विझल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही. त्या दिवशी दिवा विझायच्या आधीच भिंगरी चाकाखाली लावायचे ठोकळे उचलून आत शिरला, लावून बाहेरही आला. काही झालं नाही. त्याला वाटलं, वेळ वाचवला म्हणून पाठीवर थाप पडेल. पडली ती तक्रार. त्याला रॅम्पवरून काढून महिनाभर पुन्हा प्रशिक्षणाच्या वर्गात बसवलं, आणि त्याच्यापर्यंत आलेली बढती दुसऱ्याकडे गेली.

"घरचा माणूस ना तुम्ही?" त्यानं सगळ्यांसमोर मास्तरांना विचारलं.

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. एवढंच.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. कामावर चालून जायचं, कारण रॅम्पवर तसंही कुणी तोंडानं बोलत नाही. कानांवर जाड इअरमफ आणि भोवती विमानांची गर्जना, त्यामुळे सगळा कारभार हातांच्या खुणांवर. थांब, ये, ठोकळे लावले, ठोकळे काढले. हातांनी जेवढं बोलता येतं तेवढं दोघं बोलायचे. घरी मात्र तेही नाही. सासूबाईंकडे कधी एकत्र आलेच तर दोन जावई दोन भिंतींकडे तोंड करून बसायचे आणि सासूबाई मधोमध खुर्ची टाकून म्हणायच्या, "मी कुणाकडे बघू? मान एकच आहे मला."

मग सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यातून घरी आल्या, पण अंथरुणावरच. त्यांनी थोरलीला निरोप दिला, जावई भेटायला येणार असतील तर दोघांनी बरोबर यावं, वेगवेगळं यायचं असेल तर दोघांनीही आपापल्या घरी बसावं.

"आज त्यांच्याशी बोला," सकाळी डबा हातात देताना थोरली मास्तरांना म्हणाली.

"बघू."

"बघू नका. बोला."

त्या दिवशी दुपारी जे विमान यायचं होतं त्यात एक बिघाड होता. विमानाच्या शेपटीत एक छोटं यंत्र असतं. मोठी इंजिनं बंद केल्यावर आतले दिवे, पंखे, सगळं त्याच्या विजेवर चालतं. तेच नादुरुस्त होतं. म्हणजे विमान येऊन उभं राहिलं तरी बाहेरून विजेची गाडी जोडेपर्यंत एक इंजिन चालू ठेवावं लागणार होतं. मास्तरांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, डावं इंजिन चालू राहील. उजवं बंद होईल, ते बघून फसू नका. लाल दिवा विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. सामानाचा पट्टा चालवणाऱ्या बाईंकडून तर त्यांनी ते परत म्हणवून घेतलं. "डावं चालू, मास्तर, डावं चालू. झोपेतसुद्धा सांगेन," त्या म्हणाल्या आणि सगळे हसले. भिंगरी हसला नाही. मान वळवून धावपट्टीकडे बघत राहिला.

विमान आलं, उभं राहिलं. भिंगरी समोरून, नाकाच्या बाजूनं गेला, पुढच्या चाकाला ठोकळे लावले आणि हेडसेटची वायर विमानाला जोडून कॅप्टनशी बोलायला उभा राहिला. तिथे जायला परवानगी असते, कारण नाक इंजिनांपासून दूर असतं. मास्तर डाव्या पंखाच्या टोकापाशी उभे होते, त्या बाजूनं कुणी आत शिरू नये म्हणून. उजवं इंजिन बंद झालं. विजेची गाडी आली, तिची जाड केबल नाकाखाली लावली, आणि गाडी काही केल्या वीज देईना. चालक उतरला, टपावर हात आपटला, पुन्हा चढला. शेवटी दुसरी गाडी मागवली. ती रॅम्पच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

सगळे थांबले. डावं इंजिन चालू.

चालू इंजिनाची भीती वाटत नाही, हाच त्याचा खरा धोका आहे. जाळ नाही, धूर नाही. पाती इतक्या वेगानं फिरतात की समोर नुसती करडी तबकडी दिसते, जागच्या जागी स्थिर असल्यासारखी. कान झाकलेले, आजूबाजूला आणखी विमानं घोंघावत असतात, त्यामुळे यातलं चालू कुठलं आणि बंद कुठलं हे कानाला सांगता येत नाही. मागच्या बाजूचा झोत निदान धक्का देऊन कळवतो, माणसाला पाचोळ्यासारखा उडवतो, पण त्याच्या वाऱ्याची चाहूल तरी लागते. पुढची बाजू चाहूल देत नाही. थोड्या अंतरावर काहीच जाणवत नाही, आणि एक पाऊल पुढे टाकलं की परत फिरता येत नाही.

हे मास्तरांइतकं त्या रॅम्पवर कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरी ते चालू लागले.

भिंगरीनं ते पाहिलं. मास्तरांनी इअरमफ कानांवरून खाली ओढून गळ्यात अडकवले होते आणि ते पंखाच्या टोकाकडून थेट त्याच्याच दिशेनं येत होते. रॅम्पवर कान उघडे टाकणारे मास्तर त्यानं कधी पाहिले नव्हते. माणूस बोलायला निघालाय हे त्याला कळलं, आणि पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता कशाला? मग त्याची नजर मास्तरांच्या वाटेवर गेली. पंखाच्या टोकापासून नाकापर्यंतची सरळ वाट डाव्या इंजिनाच्या तोंडासमोरून जात होती.

त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटं एकमेकांवर आडवी धरली. थांबा.

मास्तरांनी बघितलं. त्यांचा चेहरा पडलेला भिंगरीला एवढ्या लांबूनही दिसला. पण ते थांबले नाहीत. एक हात वर करून, अरे ऐकून तरी घे, असं म्हटल्यासारखे येतच राहिले.

"डावं बंद करा! माणूस आहे, बंद करा!" भिंगरी हेडसेटमध्ये ओरडला. कॅप्टननं काय उत्तर दिलं ते त्यानं ऐकलंच नाही. तो धावत सुटला होता आणि वायर मागे तुटून लोंबकळत होती. कॅप्टननं इंजिन बंद केलं, पण पात्यांचं एवढं मोठं चाक इंधन तोडलं म्हणून लगेच थांबत नाही. फिरत राहतं आणि ओढत राहतं.

मास्तरांची टोपी गेली. मग जॅकेट फुगलं आणि पाठीवरून पुढे, इंजिनाच्या बाजूला उलटलं. त्या क्षणी त्यांना कळलं. त्यांनी मागे रेलायचा प्रयत्न केला, टाचा काँक्रीटवर घासत निघाल्या. भिंगरी उभा गेला असता तर तोही गेला असता. तो लांबूनच आडवा पडला, पोटावर घसरत पुढे गेला आणि त्यानं मास्तरांचे घोटे धरले, धरून पिळले. मास्तर खांद्यावर आदळले. गळ्यातले इअरमफ निसटून इंजिनात गेले. आतून एक असा धडाका झाला की लांबच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्यांपाशी येऊन पाहिलं.

दोघं तसेच पडून राहिले. गाल काँक्रीटला, भिंगरीचे हात घोट्यांभोवती. आवाज हळूहळू उतरत गेला. करड्या तबकडीतून एक एक पातं दिसू लागलं. पट्टा चालवणाऱ्या बाई रेषेबाहेर उभ्या राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होत्या, पण आत धावल्या नाहीत. कुणीच धावलं नाही. लाल दिवा विझला आणि मगच सगळे धावले. मास्तरांनी त्यांना हेच शिकवलं होतं.

मास्तरांचा खांदा मोडला. उजवा कान गेला तो कायमचा. डाव्या कानानं मोठ्यानं बोललेलं तेवढं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी रुग्णालयात गेला. खाटेच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसला. इतक्या महिन्यांनंतर पहिलं वाक्य काय बोलावं हे त्यानं जिन्यात ठरवलं होतं, ते विसरला.

"डोकं फिरलं होतं का तुमचं?" तो ओरडला.

समोरच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला. परिचारिकेनं बोट ओठांवर ठेवलं.

"काय?" मास्तर म्हणाले.

"काही नाही!" भिंगरी आणखी मोठ्यानं म्हणाला. "बरं वाटतंय का?"

मास्तर हसले आणि हसल्यावर खांदा दुखला म्हणून कण्हले. मग म्हणाले, "तू हात आडवे केलेस ना, मला वाटलं, तू म्हणतोयस, माझ्याकडे येऊ नका. आयुष्यभर ती खूण केली, शिकवली. आणि काल तिचा अर्थ मी घरातला लावला. म्हटलं, नाही म्हणतोय तर म्हणू दे, आज मी जाणारच."

"इंजिन?"

"इंजिन डोक्यात नव्हतंच रे. आईंचा निरोप होता. तू होतास. सगळ्यांना मीच सांगितलं डावं चालू आहे. मीच."

मग मास्तरांनी डोळे मिटले आणि तसेच मिटलेल्या डोळ्यांनी बोलायला लागले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे अख्खा वॉर्ड ऐकत होता.

ते नोकरीला नवे होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्याच बरोबर लागलेला एक जण होता. दोघांनी मिळून एक खोली घेतली होती, एकच स्कूटर होती, ज्याची पाळी असेल त्यानं चालवायची. मोठा बडबड्या माणूस. एका संध्याकाळी तो मास्तरांच्या पुढे चालत होता, मागे वळून खुणेनं काहीतरी विचारत होता. जेवायला कुठे जायचं, असंच काहीतरी. दिवा विझला नव्हता. दोघांनाही वाटलं होतं की विझलाय.

"मी बघत होतो त्याच्याकडे. पापणी लवली. तो नव्हता. ओरडणं नाही, काही नाही. फक्त इंजिनाचा आवाज बदलला. त्याच्या आईला आणायला मलाच पाठवलं. ती म्हणाली, मला त्याचं तोंड बघू दे. काय दाखवणार होतो मी? तिला वाटलं, आम्ही दाखवत नाही. शेवटपर्यंत तिला तसंच वाटत राहिलं."

"हे तुम्ही कधी..."

"कुणालाच नाही. तुझ्या ताईलासुद्धा नाही. तू ठोकळे घेऊन आत शिरलास ना, तेव्हा मला तू दिसलाच नाहीस. तोच दिसला. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडातून शब्दच निघेना. म्हटलं, नाव कळवतो, रागावेल, पण जिवंत राहून रागावेल."

भिंगरीनं त्यांच्या बऱ्या हातावर आपला हात ठेवला. काढला नाही.

चौकशी व्हायची होती. ती जवळ आली तसं दोन्ही घरांत नवंच वादळ उठलं. रॅम्पवर उडणारा कागद, पिशवी, कुठलाही कचरा दिसला की तो उचलणं हे तिथल्या माणसाचं कामच असतं, कारण इंजिनात कचरा गेला तर इंजिन मोडतं. मास्तर उडणारी प्लास्टिकची पिशवी पकडायला गेले होते असं भिंगरीनं सांगितलं, तर दोष उरणार नव्हता. कर्तव्य करताना झालेला अपघात ठरला असता. बाकी कुणी एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं.

थोरली स्वतः भिंगरीच्या घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"भाऊजी, त्यांचा जीव तुम्ही वाचवलात. आता त्यांचं नावही वाचवा. एवढी वर्षं एक चूक नाही त्यांची. एका पिशवीचा तर प्रश्न आहे."

धाकटी नवऱ्याकडे बघत राहिली. तिलाही तेच हवं होतं.

भिंगरी मास्तरांकडे गेला. ते घरी आले होते, खिडकीपाशी हात गळ्यात बांधून बसले होते. त्यानं पिशवीचं सांगितलं. मास्तरांनी पुन्हा सांगायला लावलं, ऐकू आलं नाही म्हणून की विश्वास बसला नाही म्हणून, कोण जाणे.

"तू काय पाहिलंस?"

"तुम्ही माझ्याकडे येत होतात ते."

"मग ते सांग."

"दादा, रॅम्प सुटेल तुमचा."

"सुटू दे. मी तुझ्याबद्दल खरं सांगितलं होतं. आता माझ्या पाळीला तू खोटं बोललास, तर मी तेव्हा जे केलं ते काय होतं? नुसता खडूसपणा?" मास्तर चिडले होते. "आणि पिशवीची गोष्ट ऐकून उद्या एखादा खरंच पिशवीमागे धावेल. म्हणेल, मास्तर धावले होते."

चौकशीला एक अधिकारी बाई होत्या. शांत, केस पिकलेल्या. भिंगरीनं त्यांना पाहिलं तसं सांगितलं. इअरमफ, सरळ वाट, आडवे हात.

"त्यांनी खूण पाहिली होती?" बाईंनी विचारलं.

"पाहिली."

"आणि तरी आले?"

"त्यांना वाटलं, मी भांडणापायी करतोय. आमचं बोलणं नव्हतं, बाई. बोलणं असतं तर ते थांबले असते."

अधिकारी बाईंनी चष्मा काढला, काही वेळ टेबलावर ठेवला आणि परत लावला.

मास्तरांचा रॅम्प सुटला. कानामुळे सुटलाच असता, पण निकालात चूक त्यांचीच लिहिली गेली. त्यांना इमारतीच्या खालच्या मजल्यावर हरवलेल्या सामानाच्या खोलीत काम दिलं. तिथे खिडकी नाही. लोक छत्र्या, चष्मे, एकेक बूट शोधत येतात आणि मास्तरांच्या डाव्या बाजूला उभं राहून मोठ्यानं बोलतात. टोळी भिंगरीकडे आली. तो आता धावत नाही, तरी नाव काही बदललं नाही.

साडू दोघं बरोबर सासूबाईंना भेटायला गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मास्तरांचा मोडलेला खांदा आणि भिंगरीच्या कोपरांवरचे वण बघून म्हणाल्या, "बरोबर या म्हटलं होतं. असे या म्हटलं नव्हतं."

थोरलीनं मात्र भिंगरीशी बोलणं टाकलं. भाजी वाढायची ती ताटाकडे बघून. नवऱ्याची चूक जगजाहीर करणारा माणूस म्हणून तिच्या मनात गाठ बसली ती बसली. मास्तरांनी समजावलं, धाकटी रडली, पण ती ढिम्म. मास्तरांच्या मित्राची गोष्ट तिला अजूनही ठाऊक नव्हती. ती सांगायची तर मास्तरांनीच, असं भिंगरीनं ठरवलं होतं. तो तिचं न बोलणं निमूट सोसत राहिला.

बऱ्याच दिवसांनी एका रविवारी दुपारी तो मास्तरांच्या घरी गेला तेव्हा मास्तर आत झोपले होते. थोरली स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या करत होती. डोळे सुजलेले होते.

"सकाळी सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "त्या मुलाचं. त्याच्या आईचं."

भिंगरी दारातच थांबला.

"इतकी वर्षं झोपेत ओरडून उठतात. मी समजायचे, पित्त झालंय." तिनं हातातला सदरा पुन्हा उलगडला, पुन्हा त्याची घडी घातली. "भाऊजी, एक सांगा. तुम्ही पाय धरलेत तेव्हा... किती उरलं होतं?"

तो खोटं बोलू शकला असता. त्यानं समोरच्या ओट्याकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे.

"इथून त्या ओट्यापर्यंत. त्याहून कमी."

थोरलीनं ओट्याकडे पाहिलं. आतल्या खोलीतून मास्तरांच्या घोरण्याचा आवाज येत होता, संथ, मोठा, आपला आपल्याला ऐकू न येणारा.

"बसा," ती म्हणाली. तिनं खुर्चीवरचे कपडे उचलून बाजूला ठेवले. "पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

आणि भिंगरी बसला.